छाटलेली पाच वर्षं

रोज सकाळी तोंड धुण्याआधी एबो क्वाइनू आपले खेळाडू मोजत. खेळाडू पलंगाखाली असत, बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात. प्रत्येकाचं एक नोंदणीकार्ड. कोपऱ्यात घाबरलेल्या चेहऱ्याचा फोटो, खाली नाव, जन्मतारीख आणि अर्धवट उमटलेला शिक्का. एकेक कार्ड बाहेर काढून ते बनियनच्या टोकाने पुसत, ओठ हलवत मोजत आणि परत ठेवत. आकडा कालचाच निघे. पण आमच्या सेकोंदीच्या रेल्वे गोदामात एकतीस वर्षं नटबोल्ट मोजलेल्या माणसाला मोजल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

"मांजरसुद्धा पिल्लं इतक्यांदा मोजत नाही," चुलीजवळून अराबा मावशी म्हणायच्या. अराबा मावशी म्हणजे त्यांची बायको. आमचं घर त्यांच्या अंगणाला लागून, त्यामुळे हे वाक्य मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले.

त्या डब्यात जे होतं त्याला चेअरमन 'भांडवल' म्हणत. हो, चेअरमन. गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. पोरांच्या फुटबॉल क्लबांना आमच्याकडे कोल्ट्स म्हणतात, म्हणजे शिंगरं. आणि ज्याच्याकडे बावीस शिंगरं आणि दोन चेंडू आहेत तो आपोआप चेअरमन होतो. त्यांच्या क्लबाचं नाव ब्लेस्ड मिलियनेअर्स. देवाची कृपा झालेले लक्षाधीश. या लक्षाधीशांपैकी सोळा जणांकडे बूट होते आणि त्यातल्या सातांचे दोन्ही पायांचे होते.

क्लबाचा व्यवहार समजायला अवघड नव्हता. खर्चाच्या बाजूला पंचांचं गाडीभाडं, पंचांचं जेवण, पंचांची नाराजी दूर करण्याचा किरकोळ खर्च, जिल्हा संघटनेची वर्गणी, चेंडूचे ब्लॅडर, पास्टरची प्रार्थना. पास्टरला न कळवता मौलवींचा ताईतही असे, कारण निकाल कोणाच्या हातात आहे याची खात्री नसताना एकाच ठिकाणी पैसे गुंतवणं शहाणपणाचं नव्हे. जमेच्या बाजूला पोरं. पोरगं मोठं व्हावं, त्याला मोठ्या क्लबाने मागावं, आणि कार्डावर चेअरमननी सही केल्याशिवाय ते कुठे जाऊ शकत नाही म्हणून त्या सहीची किंमत मिळावी. एवढाच धंदा. तेवीस वर्षांत असे नऊ सौदे झाले. एक लेफ्ट विंगर दोन चेंडू, जर्सीचा एक संच आणि एका बोकडावर गेला. सर्वांत फायद्याचा सौदा तोच, कारण बोकडाने पुढे उत्पन्न दिलं. एक गोलकीपर तर उधारीवर गेला. ती उधारी अजून आहे, गोलकीपर निवृत्त झाला.

आणि उरलेला सगळा खर्च अराबा मावशींच्या हंड्यातून निघे. मावशी केंकी करून विकत. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे केळीच्या वाळल्या पानात घट्ट बांधून वाफवायचे, तळलेल्या मासळीबरोबर आणि तिखटाबरोबर खायचे. पहाटे चारला डोक्यावर भिजलेल्या मक्याचं घमेलं घेऊन त्या बाजारातल्या गिरणीवर रांगेत उभ्या राहत. दळणाचे पैसे रोज देत. बुधवारी आणि शनिवारी सरावानंतर बावीस केंकी मैदानाकडे जात आणि परत येत नसत. चुलीतली राखसुद्धा जाई. मैदानाच्या पांढऱ्या रेषा त्या राखेच्या. क्लबाला मावशींकडून न गेलेली वस्तू म्हणजे फक्त वारा, तो चेंडूत भरायला पंप लागे, आणि पंप मावशींच्या भावाचा होता.

मावशींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःची गिरणी. डिझेलवर चालणारी, निळ्या रंगाची. किंमत अठ्ठावीस हजार सेदी. त्यांनी ती एकदा ताकोरादीच्या दुकानात जाऊन हात लावून पाहिली होती.

आता वयाविषयी सांगायला हवं. आमच्याकडे केस, नखं आणि वय वेळच्या वेळी छाटतात. कोल्ट्समध्ये दहा वर्षांखालचा, बारा वर्षांखालचा, चौदा वर्षांखालचा असे गट असतात, आणि खऱ्या दहा वर्षांच्या पोरांना घेऊन दहा वर्षांखालच्या गटात उतरणारा चेअरमन पहिल्याच फेरीत घरी जातो. शिवाय गिऱ्हाईक लहान वयाचं पोरगं मागतं. नारळ कोवळा हवा, तसं. म्हणून प्रत्येक पोराला दोन वयं असतात. एक आईच्या हिशोबाचं, एक फुटबॉलचं. याला कोणी खोटं म्हणत नाही. बारा वर्षांखालच्या एका अंतिम सामन्यात समोरचा गोलकीपर मध्यंतराला निघून गेला, कारण त्याची बंदरावर दुसरी पाळी सुरू होणार होती. कोणी हरकत घेतली नाही. माणसाने नोकरी सांभाळायलाच हवी.

न्यामेके आका आला तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याची आई खोबरेल विकायची, न्झेमाच्या किनाऱ्यावरून आलेली. तिने येताना चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला आणला होता, तारखेसकट. चेअरमननी तो आदराने वाचला, घडी केली आणि विचारलं, "सात म्हणू या का?"

ती म्हणाली, "त्याच्या वरच्या ओठाकडे बघा हो."

"वरचा ओठ कार्डावर दिसत नाही, ताई. फोटो छोटा असतो."

असा न्यामेके सात वर्षांचा झाला. दाखला डब्याच्या तळाशी गेला. पुढची पाच वर्षं तो मैदानावर असा खेळला की जिल्ह्यातले इतर चेअरमन स्वतःची पोरं सोडून त्याला बघायला येत. मला फुटबॉल फारसा कळत नाही. पण तो उजव्या बाजूने धावत निघाला की राखेची रेष त्याच्या मागे उडायची आणि थोडा वेळ हवेतच राहायची, एवढं आठवतं. तो चेअरमनच्या घरी जेवायचा, पावसाळ्यात तिथेच झोपायचा. एक बूट फाटला की मावशी शिवायच्या. पाच वर्षांनी राजधानी आक्र्याच्या एका मोठ्या क्लबाने त्याला मागितलं. सहा चेंडू, बाराशे सेदी, आणि 'पुढचं पुढे बघू'. चेअरमननी सही केली. कागदावर बारा वर्षं सात महिन्यांचा मुलगा सकाळी दाढी करून बसमध्ये बसला.

'पुढचं पुढे बघू' सहा वर्षांनी खरंच पुढे आलं. डेन्मार्कच्या एका क्लबाने न्यामेकेला विकत घेतलं. चार लाख युरो. रेडिओवर बातमी लागली तेव्हा चेअरमन कार्ड मोजत होते. त्यांनी त्या दिवशी दोनदा मोजली. बातमीच्या मागोमाग सॅकी आला. सॅकी एजंट होता, आक्र्याचा, उन्हातही कोट घालणारा. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि समजावलं की परदेशी सौदा झाला की त्या रकमेतला एक हिस्सा खेळाडूला लहानपणी शिकवणाऱ्या क्लबांना मिळतो. जगाचा नियम आहे. मागणी करावी लागते एवढंच. त्याने जागेवरच हिशोब केला, पाच वर्षांचे साठ हजार सेदींच्या वर. त्यातला तिसरा भाग त्याचा, मेहनतीचा. कोणती मेहनत, हे विचारायचं राहून गेलं.

मागणीचं पत्र मी लिहिलं. गल्लीत एम.ए.पर्यंत पोचलेली मी एकटीच होते, आणि चेअरमन मला मास्तरीण म्हणत. त्यांनी 'नम्र' हा शब्द चार ठिकाणी घालायला लावला.

त्या संध्याकाळी अराबा मावशींनी पानं बांधता बांधता आपला निर्णय सांगितला. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या की तेवीस वर्षं त्यांनी दर आठवड्याला चव्वेचाळीस केंकी फुकट दिल्या, आणि त्याचा गुणाकार त्यांना करायचा नाही, कारण केला तर त्या घर सोडून जातील. या पैशातून गिरणी आली तर क्लब राहील. नाही आली तर पुढच्या महिन्यापासून मैदानावर एक केंकी जाणार नाही, राखही नाही.

"राखही?" चेअरमननी विचारलं.

"राख मी झाडांना घालीन."

बावीस उपाशी पोरांचा क्लब किती दिवस टिकतो हे चेअरमनना माहीत होतं. सराव संपल्यावर पोरं धावत येत ती त्यांच्या मार्गदर्शनासाठी नव्हे. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "गिरणी आलीच समज," आणि निळा रंग की हिरवा असंही विचारलं.

पत्राला उत्तर आलं, कागद घेऊन आक्र्याच्या फुटबॉल ऑफिसात या. निघायच्या आदल्या दिवशी न्यामेकेचा फोन आला. मागे बर्फ पडत असावा, किंवा आम्हाला तसं वाटलं. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर तो घुटमळला. म्हणाला, चेअरमन, तुम्ही ऑफिसात जाणार आहात असं ऐकलं. माझे कागद... तुम्हाला माहीतच आहे.

"मला काय माहीत असणार?" चेअरमन म्हणाले. "म्हातारा माणूस मी. जेवलास का?"

आक्र्याला मीही बरोबर निघाले; पहाटे स्टँडवर भेटलो. ते अंत्ययात्रेला घालायचे तसे चांगले कपडे घालून आले होते आणि निळा डबा प्लास्टिकच्या पिशवीत पोटाशी धरला होता. सबंध डबा. आक्र्याला उतरल्यावर तो बघून सॅकीने तोंड वाकडं केलं. ऑफिसात टेबलापलीकडे एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या, आमच्या पत्रातले चारही 'नम्र' त्यांनी अधोरेखित केले होते. त्यांनी न्यामेकेची फाइल उघडली आणि वाचलं. तुमच्याकडे नोंदणी झाली तेव्हा वय सात वर्षं दोन महिने. गेला तेव्हा बारा वर्षं सात महिने. बरोबर?

चेअरमन अभिमानाने म्हणाले की बरोबर, पाच वर्षं पोसला.

बाईंनी चष्मा काढला. "हिस्सा बाराव्या वाढदिवसापासून धरतात. त्याआधी पोर खेळत असतं, शिकत नसतं, असा नियम आहे. तुमचे सात महिने होतात."

"आणि आधीची पाच वर्षं?"

"आधीची पाच वर्षं तो लहान होता."

चेअरमननी बोटांवर सातापासून बारापर्यंत मोजलं. मग त्यांना ते कळलं. मला दिसलं कळताना. गोदामात एखादी पेटी उघडावी आणि आतला माल आपल्याच सहीने बाहेर गेलेला निघावा, तसा चेहरा झाला. जी पाच वर्षं त्यांनी कातरून टाकली होती, नेमकी त्याच पाच वर्षांची किंमत मिळणार होती. आपलीच कात्री, आपलंच कापड.

सॅकीने त्यांचा दंड धरून आम्हाला बाहेरच्या बोळात आणलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. चर्चचा दाखला डब्यात आहे ना? दाखवा. पोरगं आलं तेव्हा बारा वर्षांचं होतं हे सिद्ध होतं. पाचही वर्षं मोजली जातील.

"आणि त्याचं काय होईल?"

सॅकीने खांदे उडवले. "बंदी घालतील. परत पाठवतील. पण तो डेन्मार्कच्या क्लबाचा प्रश्न आहे, चेअरमन, आपला नाही. त्याचं वय तेवीस आहे, अठरा नाही. कधी ना कधी कळणारच आहे. तुम्ही आधी सांगा आणि पैसे तरी घ्या."

सौदाच रद्द झाला तर हिस्सा कशातून मिळणार, हे मला विचारावंसं वाटलं. पण सॅकीचा सगळा हिशोब पहिल्या पानावर संपायचा. चेअरमन मात्र डब्याच्या झाकणावर बोट फिरवत उभे होते. मला वाटतं त्या क्षणी ते मोजत होते. दळणाची रांग, तेवीस वर्षं, दर आठवड्याला चव्वेचाळीस, निळ्या रंगाची एक गिरणी. आणि दुसऱ्या बाजूला एकच.

आत गेल्यावर बाईंनीच विचारलं. त्या अनेक वर्षं त्या खुर्चीत होत्या आणि वरचे ओठ त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. "याच्यापेक्षा वेगळी तारीख दाखवणारा एखादा कागद आहे का तुमच्याकडे? असेल तर आत्ता द्या."

चेअरमननी डबा मांडीवरून उचलून खाली, दोन पायांच्या मध्ये ठेवला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "सात वर्षांचाच होता. दुधाचे दात पडत होते त्याचे. मीच छपरावर फेकले."

बाईंनी सात महिने लिहिले.

सात महिन्यांचे सात हजार सेदी झाले. सॅकीने आपला तिसरा भाग घेतला, कारण मेहनत झाली होतीच. जिल्हा संघटनेची थकलेली वर्गणी कापली गेली, प्रतिज्ञापत्राची फी, बँकेचा खर्च, दोन फेऱ्यांचं बसभाडं. चेअरमन सेकोंदीला उतरले तेव्हा खिशात एकोणीसशे होते. जगाच्या फुटबॉलने त्यांच्या पाच वर्षांच्या कामाची दखल घेतली होती. दोन बरे चेंडू आले असते.

त्यांनी सगळं मावशींना सांगितलं, बाकावर बसून, काही न गाळता. मावशींनी हातातलं पान बांधून पूर्ण केलं.

"म्हणजे तुम्ही आधी खोटं बोललात म्हणून पैसे गेले," त्या म्हणाल्या, "आणि आता परत खोटं बोललात म्हणून ते मिळाले नाहीत."

"हो."

"इतकं खोटं बोलून तोट्यात जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, चेअरमन. लोक याच्यावर बंगले बांधतात."

मग त्यांनी हात पुढे केला आणि एकोणीसशे सेदी घेतले. पुढच्या बुधवारी मैदानावर केंकी गेली नाही. पोरं सराव संपल्यावर थोडी रेंगाळली आणि घरी गेली. चेअरमननी मला सांगितलं की मार्गदर्शनाचं महत्त्व आता तरी पोरांना कळेल. शनिवारी अकराच जण आले. त्याच्या पुढच्या बुधवारी सहा.

त्याच्या पुढच्या शनिवारी मावशी स्वतः आल्या. एकोणीसशेतून त्यांनी पूर्वीच्या दुप्पट मोठा हंडा आणि एक लांब बाक घेतला होता. मैदानाच्या कडेला, जिथे पंच उभे राहत तिथेच, त्यांनी चूल मांडली. व्यवस्था जाहीर झाली. क्लबाच्या पोरांना केंकी मिळेल, पण आधी पाणी भरायचं आणि राखेच्या रेषा ओढायच्या. प्रेक्षकांना विकत. पंचांनाही विकत; हे ऐकून पंच नाराज झाला, आणि ती नाराजी दूर करण्याचा खर्च इतिहासात प्रथमच मंजूर झाला नाही. पाहुण्या संघाला रोख. तीन महिन्यांत ब्लेस्ड मिलियनेअर्सकडे शिल्लक राहू लागली. चेअरमन त्यामुळे इतके गडबडले की ती रक्कम वहीत कोणत्या बाजूला लिहायची हे विचारायला माझ्याकडे आले. शिकून गेलेल्या माणसांचं उणं काढावं तसं ते एकदा म्हणाले की क्लब पूर्वीसारखा राहिला नाही.

हे वर्षभर चाललं. नंतर एका शनिवारी, उत्तरेकडची धूळ आकाशात भरलेली असताना, सामना संपल्यावर ते नेहमीसारखे आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले. जिंकल्यावर ते असेच झोपत. पोरांनी त्यांना उठवलं नाही. खुर्ची आत न्यायची वेळ झाली तेव्हा कळलं.

न्यामेकेने अंत्यविधीसाठी पैसे पाठवले. खूप पाठवले. आमच्याकडे माणसाची पत मेल्यावरच कळते, त्याआधी कोणी कर्ज देत नाही. तेवढ्या पैशात दोन गिरण्या आल्या असत्या. मावशींनी मंडप निम्मा केला, बँड रद्द केला, पाहुण्यांना केंकी वाढली आणि एक गिरणी आणली. चेअरमनच्या बहिणी त्यांच्याशी अजून बोलत नाहीत. गिरणीवर पहाटे चारपासून रांग लागते, आणि शनिवारी मैदानावर राखेच्या रेषा पडतात.

ते शेवटचं काय बोलले यावर गल्लीत मतभेद आहेत. पास्टरने अंत्यविधीत सांगितलं की त्यांच्या ओठावर देवाचं नाव होतं. सॅकी खास आक्र्याहून आला होता, कोट घालून. तो म्हणाला की त्यांनी न्यामेकेचं नाव घेतलं. दोघेही त्या दिवशी मैदानावर नव्हते. मी होते, हंड्याजवळ, मावशींना पानं सोडायला मदत करत. पाहुणा संघ शामा गावाहून आला होता, वाळूच्या ट्रकमधून, चार गोलांनी हरला होता, आणि पलीकडच्या रेषेवर बसून आमच्या पोरांचं खाणं बघत होता. त्यांच्या चेअरमनच्या खिशात रोख नव्हती, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. आमचे चेअरमन खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले, आणि मावशींकडे न बघता म्हणाले, "अराबा, ती पोरंही उपाशीच आलीत गं. थोड्या तिकडेही पाठव."